पेशी, समिती आणि चार दारांचे अंतर

जगात जे हलते ते कोणीतरी सांगितल्यावाचून हलत नाही. आणि जे सांगूनही हलत नाही, त्याच्यासाठी समिती असते.

पेशींचा अभ्यास करणाऱ्या एका बाईंना हे दोन्ही प्रकार रोज बघायला मिळत. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी सरकायची. तिच्या पोटात निरोप देणारी प्रथिने असतात. एक सांगते, पुढची कड पसर. दुसरे सांगते, शेपूट आवळ. दोघांनी वेळेवर तोंड उघडले आणि (हे अधिक महत्त्वाचे) वेळेवर मिटले, की पेशी आकार बदलत तासाभरात साधारण स्वतःच्या लांबीइतकी पुढे जाते. परिपत्रक लागत नाही.

अडचण एवढीच, की बाईंची खोली लिफ्टला लागून होती. लिफ्ट आली की टेबल थरथरायचे आणि आठ तासांचे चित्रीकरण पाण्यात जायचे. निवृत्तीला अकरा आठवडे उरले होते आणि बावीस वर्षांच्या कामातले हे शेवटचे चित्रीकरण होते. बाईंनी अर्ज केला : सूक्ष्मदर्शक चार दारे पलीकडच्या रिकाम्या खोलीत न्यावा.

संस्थेने प्रकरण गांभीर्याने घेऊन स्थलांतर समिती नेमली. सदस्य सात, सातही अध्यक्ष (कोणाला दुखवू नये, हे धोरण उदात्तच म्हणायचे). सहा बैठका झाल्या. प्रत्येकाने पुढाकार घेतला, फक्त दिशा ज्याची त्याची. इतिवृत्तानुसार प्रगती शहाऐंशी टक्के होती. सूक्ष्मदर्शक होता तिथेच होता.

सहाव्या बैठकीच्याच आठवड्यात बाईंनी 'पुढे चल' म्हणणारे प्रथिन कधी गप्पच बसणार नाही, अशी पेशी तयार केली. ती चारी बाजूंनी पुढे निघाली, सांडलेल्या दुधासारखी पसरली आणि जागची हलली नाही. संचालक मुद्दाम बघायला आले.

"वा, केवढा विस्तार! निघालीय कुठे?"

"कुठेच नाही, सर."

"असेना. उत्साह दांडगा आहे."

बाई तडक बाहेर आल्या. शिपाईमामा स्टुलावर बसले होते.

"मामा, ट्रॉली मोकळी आहे का?"

"आहे की. पण आदेश?"

"तुम्ही पुढून ओढा, मी मागून लोटते. मी थांबा म्हटलं की थांबायचं."

"एवढंच?" मामा चकित झाले. "मग मी सहा बैठकांना चहा कशाचा नेत होतो?"

नऊ मिनिटे लागली (पैकी पाच किल्ली शोधण्यात). दुसऱ्या दिवशी चित्रीकरण झाले. पेशी पडदाभर संथ सरकत गेली, एकदाही न थरथरता. बाईंनी चष्मा दोनदा पुसला. त्यावर धूळ नव्हती. समितीने विनापरवाना हालचालीबद्दल त्यांचा खुलासा मागवला आणि स्थलांतर यशस्वी केल्याबद्दल स्वतःच्या अभिनंदनाचा ठराव एकमताने मंजूर केला.

वाचकांनी समितीला खुशाल हसावे. मात्र नोंद असावी, की हे वाचून होईपर्यंत तुमच्या अंगातल्या लाखो पांढऱ्या पेशी कोणालाही न विचारता आपापल्या कामाला निघून गेल्या. सकाळपासून 'आता उठायचंच' म्हणत बसलेले त्या अंगात एकटे तुम्हीच आहात.