पार्किंगमधल्या कुरड्या

"आजी, हे उचला."

"काहून उचलू? पैसे भरले आहेत मी."

"पैसे गाडीचे असतात. कुरड्यांचे नसतात."

"मंग पाटीवर तसं लिहायचं होतं. पाटीवर लिहिलं आहे, फक्त प्रवाशांसाठी. माझ्या कुरड्या काय इथं मुक्कामाले आल्या का? वाळल्या की निघतील."

हे बोलणं चाललं होतं आमच्या गल्लीसमोरच्या मेट्रो स्टेशनच्या पार्किंगमध्ये, भर सकाळी. एका बाजूला मी, हातात पितळेचा सोऱ्या. दुसऱ्या बाजूला निळ्या वर्दीतले गार्ड चंपतराव, गळ्यात शिटी. (पन्नाशी उलटलेला माणूस, मिशी माझ्या नवऱ्यापेक्षा पांढरी, आणि मला आजी म्हणत होता. भांडणाचं अर्धं कारण तिथंच होतं.) आमच्या मधे प्लास्टिक अंथरलेलं, आणि त्यावर रांगेनं ओल्या कुरड्या.

ओल्या कुरड्या उचलता येत नाहीत, हे ज्याला ठाऊक नाही त्यानं हे पुढचं वाचू नये. हातात घेतली की तिचा गोळा होतो, आणि गोळ्याची कुरडई पुन्हा होत नाही.

आता या कुरड्या तिथं गेल्या कशा, ते सांगते.

घर माझ्या नावावर आहे. माझा लेक सुशील याच्या मनात आलं, वर एक मजला चढवावा, नातवाला होईल. मी म्हटलं, चढव. एवढाच निर्णय, भाजी निवडता निवडता घेतलेला. पण मजला चढवायचा तर नकाशा पास करावा लागतो, नकाशा पास करायचा तर शुल्क भरावं लागतं, आणि त्या शुल्काला एक नवीन शेपूट निघालं. नवीन बांधकाम करणाऱ्यानं शहराच्या वाहतुकीसाठी, म्हणजे मेट्रो, पूल, रस्ते यांच्यासाठी, जास्तीचा आकार भरायचा.

मी शाळेत गेलेली नाही. वाचायला शिकले ते किराण्याच्या पुड्यांवर आणि निवडणुकीच्या भिंतींवर. पण जे वाचते ते पूर्ण वाचते, आणि वाचल्याशिवाय सही करत नाही. सुशीलनं कागद आणला, मी तो आडवा-उभा वाचला, आणि म्हटलं, "चाल, मी येते कचेरीत."

"आई, तू काहून येतं? नुसती सही पायजे."

"सही पायजे म्हणूनच येते."

महापालिकेच्या कचेरीतला बाबू भला माणूस होता. समजावून सांगू लागला. "पाहा काकू, मजला वाढला की माणसं वाढतात. माणसं वाढली की रस्त्यावर गर्दी वाढते. म्हणून हा आकार."

"आमच्या घरी माणसं वाढून नाही राहिले, कमी होऊन राहिले," मी म्हटलं. "नातीचं लग्न आहे. नूपुर सावनेरले चालली. आमची गर्दी एकानं कमी झाली. मंग तेवढं कमी करा."

बाबूनं चष्मा काढून पुसला. "लग्नाची वरात रस्त्यावरूनच निघंल ना, काकू?"

(याची उत्तरं पुढं आठवडाभर सुचत राहिली, सगळी चांगली.) मी विषय बदलला. "बरं, इतके पैसे देऊन मले काय भेटंल?"

जेवणाची सुट्टी झाली होती. बाबूच्या डब्याला मेथीचा वास येत होता. तो हात जोडून म्हणाला, "स्टेशन, रस्ते, पार्किंग, सगळं तुमचंच आहे, काकू."

सरकारी माणूस स्वतःच्या तोंडानं म्हणाला. मी सही केली, आणि पावती घडी करून कमरेच्या पिशवीत ठेवली. सुशील वाटेत म्हणाला, "आई, असं बोलायची पद्धत असते." मी म्हटलं, "पद्धत असंल त्याची. मी ऐकून घेतलं."

आता कुरड्यांकडे येते.

नूपुरच्या साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, सावनेरची मंडळी आली होती. ताटात कुरडई होती, तळलेली, फुललेली, चांगली तळहाताएवढी. होणाऱ्या विहिणीनं तिचा एक तुकडा मोडला, उजेडात धरून पाहिला आणि माझ्या सुनेला म्हणाली, "घरच्या का वं? नाही, शहरात आता कोण करते म्हणा. सदरच्या बाजारातून आणल्या असतील."

सून काही बोलायच्या आत मी म्हटलं, "रुखवतात पाहाल."

बोलून बसले. त्या कुरड्या खरंच सदरमधून आणलेल्या होत्या. (गुडघ्यांमुळं दोन उन्हाळे साचा हातात धरला नव्हता. पण हे विहिणीला सांगायचं कारण काय?) आता रुखवतात घरच्या कुरड्या मांडल्या नाहीत, तर नूपुरला जन्मभर त्या घरात ऐकावं लागलं असतं, आणि मला तिच्या तोंडून ऐकावं लागलं असतं.

गहू भिजवले, रोज पाणी बदललं, दळले, गाळले, चीक बसू दिला. शेजारची गोपिका मदतीला. आमचं ठरलं होतं की ठेकेदार लग्नानंतर येईल आणि तोवर गच्ची माझी. चीक शिजवायच्या दिवशी पहाटे वर गेले तर गच्चीवर रेती. रेतीवर विटा. विटांवर सळाखी. सळाखींवर ठेकेदाराचा माणूस बसून दात घासत होता.

"सुशील," मी जिन्यातून हाक मारली.

"आई, त्याचं दुसरं काम अटकलं, म्हणून सामान आधी टाकलं," सुशील चादरीतून बोलला. "तू गोपिकामावशीच्या घरी वाळव ना."

गोपिकाच्या घरी ऊन नाही. आमच्या गल्लीत कोणाकडेच नाही. मेट्रोचा पूल आल्यापासून सकाळभर त्याची सावली सगळ्या घरांवर लोळत असते, एक आमची गच्ची सोडून. लोकांना मे महिन्यात बरं वाटते. कुरड्यांना वाटत नाही. आणि खाली गंजात, आमच्या मोठ्या पातेल्यात, चीक रटरटत होता. चीक थांबत नाही. थंडा झाला की साच्यातून निघत नाही, राहिला की आंबतो, आणि लग्न पुढच्याच आठवड्यात.

मी दारात उभी राहून पाहिलं. गल्लीचं सगळं ऊन त्या पुलानं अडवलं होतं, आणि ते सगळंच्या सगळं जाऊन पडलं होतं समोरच्या पार्किंगमध्ये. फरशी स्वच्छ. गाड्या अजून आल्या नव्हत्या. मी कमरेची पिशवी चाचपली. पावती होती.

"गोपिका," मी म्हटलं, "गंज उचल वं."

आमचे रुपराव (नवऱ्याचं नाव घेते मी, काही होत नाही) छत्री घेऊन मागं आले. कावळे हाकलायचं काम त्यांच्याकडे. चाळीस वर्षं क्लार्की केलेला माणूस, शिपायालाही साहेब म्हणतो. ते रस्ता ओलांडतानाच म्हणाले, "मनकर्णा, कोणाले विचारलं का?"

"कशाले विचारायचं? आपलंच आहे."

अर्ध्याहून जास्त कुरड्या पडल्यावर चंपतराव आले. पहिल्यांदा गोपिकानं त्यांना वाटीत गरम चीक दिला, वर तेल सोडून. त्यांनी तो खाल्ला. वाटी पुसून खाल्ली. मग तोंड पुसून म्हणाले, "आजी, हे उचला," आणि तिथून ते सुरू झालं जे मी वर लिहिलं आहे.

"सव्वानऊले गर्दी होते," चंपतराव म्हणाले. "लोकं गाड्या कुठं लावतील?"

"तिकडल्या बाजूनं लावतील. मी सांगते त्याईले."

आणि मी सांगितलं. एक स्कूटरवाला आला, मी सोऱ्यानं दिशा दाखवली, त्यानं निमूटपणे गाडी तिकडं लावली. दुसरा आला, त्यालाही लावली. तिसऱ्यानं विचारलं, "मावशी, पार्किंगचे पैसे तुमच्यापाशी का?" मी म्हटलं, "परतताना दे." चंपतरावांनी शिटी तोंडात घातली, पण वाजवली नाही. चौथी बाई होती, बँकेतली असावी. ती गाडी लावून कुरड्यांपाशी वाकली.

"कशा दिल्या, काकू?"

"द्यायच्या नाहीत. रुखवताच्या आहेत."

"बचत गटाच्या आहेत का? मला दोन किलो ठेवा, संध्याकाळी नेते."

"बाई, ओल्या आहेत."

"मग एक किलो ठेवा."

"पाहा," चंपतराव म्हणाले, "आता हा धंदा झाला. धंद्याले तर बिलकुलच परवानगी नाही."

या गडबडीत रुपराव दिसेनात. कावळे दोन उतरले होते आणि छत्री एका खांबाला टेकलेली होती. मी पाहिलं तर हे पार्किंगच्या खिडकीपाशी रांगेत उभे. (रांग दिसली की लागतात. कशाची आहे ते नंतर विचारतात.) मी पोचेपर्यंत त्यांचं बोलणं सुरू झालं होतं.

"एक पावती फाडा साहेब," ते आतल्या माणसाला म्हणत होते. "चारचाकीची लावा. जागा तेवढी लागून राहिली."

"गाडी नंबर?"

रुपरावांनी आमच्या जुन्या स्कूटरचा नंबर सांगितला. ती विकून नूपुरचं बारसं केलं होतं.

"हा तर दुचाकीचा नंबर आहे, काका. आणि चारचाकी म्हणता. गाडी आहे कुठं?"

रुपरावांनी कुरड्यांकडे बोट दाखवलं.

मी त्यांचा हात खाली केला. "तुमाले अक्कल आहे का? दुसऱ्यांदा पैसे दिले म्हणजे पहिले दिले नाहीत असं होते."

"अवं, भांडण मिटंल."

"भांडण मिटवायले नाही आली मी. कुरड्या वाळवायले आली."

तेवढ्यात सुशील आला, बनियनवरच. कोणीतरी मोबाइलवर आमचा फोटो काढून गल्लीच्या ग्रुपवर टाकला होता. खाली लिहिलं होतं, मेट्रोचं नवीन स्टेशन, थांबा कुरडई. पोरगा लालबुंद झाला होता. "आई, घरी चाल. मी विकतच्या आणतो. लकडगंजमधून ठोकात आणतो. सावनेरवाल्याईले काय समजते?"

"त्या बाईनं उजेडात धरून पाहिलं, सुशील."

ते त्यानंही पाहिलं होतं.

लिफ्टकडे जाणारी माणसं थांबून पाहू लागली. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले की हे अतिक्रमण आहे. दुसरे म्हणाले, ऊन चांगलं आहे, बसू द्या. चंपतरावांनी वायरलेसवर वर कळवलं, "मॅडम, पार्किंगमध्ये मॅटर झाला आहे. नाही, गाडी नाही. खायची वस्तू आहे." पलीकडून बहुतेक पुन्हा विचारलं असावं, कारण ते म्हणाले, "कुरड्या, मॅडम. हो. ओल्या."

मी पावती काढली. घडी उलगडली. घसा साफ केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी वाचली, वरच्या ओळीपासून शिक्क्यापर्यंत. वाहतुकीच्या आकाराची ओळ दोनदा वाचली. "ऐकलं?" मी म्हटलं. "हे स्टेशन कशातून झालं? आमच्यासारख्याईच्या घरावर मजले चढले त्याच्यातून. आमचं ऊन घेतलं, ते घेतलं. पैसे घेतले, ते दिले. आता त्याच्यातली एका उन्हाची जागा मी परत मागून राहिली. फुकट नाही मागून राहिली."

गर्दीत दोघातिघांनी माना हलवल्या. त्यांच्याही घरांचं बांधकाम चालू असणार. बँकेतली बाई कामाला उशीर करून थांबली होती. चंपतराव फरशीकडे पाहत होते. खरं सांगते, त्या क्षणी मला वाटलं, शाळेत गेले असते तर वकील झाले असते. रुपरावांकडे पाहिलं, तर ते कावळे हाकलत होते, पण ऐटीत.

तेवढ्यात लिफ्टमधून स्टेशनच्या इनचार्ज मॅडम आल्या. आमच्या नूपुरपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल पोरगी. छातीवरच्या पट्टीवरचं नाव मी वाचलं, भूमिका. आवाज न चढवता तिनं आधी चंपतरावांचं ऐकलं, मग माझं. सुशील मधे बोलायला लागला, तर तिनं त्याला हातानं थांबवलं आणि मला म्हणाली, "पावती दाखवता का?"

मी दिली. तिनं ती वाचली. घाईनं नाही, माझ्यासारखी, पूर्ण. उलटी करून मागची बाजूही पाहिली. मग वाकून कुरड्या पाहिल्या. एकीच्या कडेला बोट लावलं, आणि लावल्याबरोबर काढून घेतलं. म्हणजे तिच्या घरी होत असाव्यात.

ती "नियम" म्हणाली असती, तर मी पाटी दाखवणार होते. "गर्दी" म्हणाली असती, तर लावलेल्या गाड्या दाखवणार होते. "अतिक्रमण" म्हणाली असती, तर वर पुलाकडे बोट करणार होते. तिन्ही वाक्यं जिभेवर तयार होती आणि सगळी गर्दी माझ्या बाजूची होती. तिनं पावतीची घडी जशी होती तशीच घातली, दोन्ही हातांनी माझ्या हातात ठेवली आणि म्हणाली,

"आजी, पावती खरी आहे, पण हे पैसे महापालिकेकडून आमच्या मेट्रोपर्यंत अजून आलेच नाहीत, तरी वाळू द्या आजचा दिवस, उधारीवर."