तिसऱ्या मजल्याची पावलं

नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीतून कॉपीची आज्ञा काढून टाकण्यात आल्यामुळे सोमवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी कोयनाई अपार्टमेंटचे दुसरा, तिसरा आणि चौथा असे तीन मजले गेले.

पहिला मजला राहिला, कारण तो दिगंबर नेर्लेकरनं बावीस वर्षांपूर्वी संगणकावर स्वतः रेघ न् रेघ ओढून काढला होता. वरचे तीन त्यानं सगळे ड्राफ्ट्समन काढतात तसे काढले होते. खालचा मजला निवडायचा, दोन कळा दाबायच्या आणि नेऊन वर ठेवायचा. कागदाच्या कोपऱ्यात ‘इतर मजले याचप्रमाणे’ असं लिहिलं की दुपारच्या जेवणाला मोकळं. अख्खं गाव असंच उभं राहिलेलं होतं, इतर ऑफिसांत नवी आवृत्ती अजून पोचायची होती, आणि आजवर कुणाची तक्रार नव्हती.

माणसं कॉपी करून काढलेली नव्हती, म्हणून ती राहिली. भांडीकुंडी, कपाटं, पलंगही राहिले. नऊ कुटुंबं पहिल्या मजल्याच्या स्लॅबवर, डोक्यावर ऊन घेऊन, आपापल्या सामानात उभी होती. चौथ्या मजल्यावरच्या पत्रावळे वहिनी शेगडीवरच्या पोह्यांत उलथनं घालून तशाच थिजल्या होत्या. पोहे लागल्याचा वास सगळ्यांना येत होता, पण ते सांगायचं कुणाला सुचलं नाही.

दिगंबर ऑफिसात होता. बातमी त्याला तिथंच कळली. तो स्वतः तिसऱ्या मजल्यावर राहत होता. बायको शरयू शाळेत शिकवायला गेलेली, आणि घरी एकटे आण्णा, त्याचे वडील. वय त्र्याऐंशी, दोन्ही डोळे बारा वर्षांपूर्वीच गेलेले. तो धावत पोचला तेव्हा आण्णा आपल्या पलंगावर बसून एक हात पुढं करून चाचपत होते.

“दिगू, भिंत कुठाय रे?” आण्णांनी विचारलं.

“गेली, आण्णा.”

“कधी येतीय?”

दिगंबरनं सॉफ्टवेअरच्या कंपनीला फोन लावला.

“ती आज्ञा ग्राहकांच्या सोयीसाठी कमी करण्यात आली आहे, सर,” पलीकडची मुलगी म्हणाली.

“अहो, त्यात माझं घर गेलं!”

“घर आपण स्वतः काढलं होतं, सर, की कॉपीनं?”

“कॉपीनं,” दिगंबर म्हणाला.

“मग ते आपलं नव्हतं, सर. ते पहिल्या मजल्याचं होतं. आणखी काही मदत करू शकते का?”

दुपारी तो नगरपालिकेत गेला. बांधकाम विभागाचे अभियंते हणबर यांनी जुना नकाशा टेबलावर पसरला आणि चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ पाहिला.

“कॉपीनं आलेलं कॉपीबरोबर गेलं. यात नियमबाह्य काही दिसत नाही.”

“पण साहेब, मंजूर आहे की हे सगळं.”

“मंजूर पहिला मजला आहे. बाकी ‘याचप्रमाणे’. आता ‘याचप्रमाणे’ उरलंच नाही, त्याला मी काय करू? प्रत्येक घर नव्यानं काढून आणा, मी शिक्का मारतो. शिक्का पडला की घर येईल. मात्र खालून वर या. मधला मजला सोडू नका.”

मंगळवारी दिगंबरनं दुसरा मजला काढला. मंजूर नकाशा त्याला पाठ होता. शिक्का पडला आणि मजला आला. पण आला तो कागदाप्रमाणे, म्हणजे तिन्ही घरांच्या बाल्कन्या उघड्या. आता, गावात कुणाचीच बाल्कनी उघडी नसते. ताबा मिळाला की महिन्याभरात काच लावून तिची खोली करायची, ही रीतच. काढणाऱ्याला ते ठाऊक असतं, मंजुरी देणाऱ्यालाही असतं, आणि तरी कागदावर बाल्कनी उघडीच काढायची असते. दुसऱ्या मजल्यावरचे कुंभोजकर परत राहायला गेले, तर पोराचं अभ्यासाचं टेबल उघड्यावर.

“काच लावून घ्या,” हणबर म्हणाले. “आम्ही नोटीस देऊ. नेहमीप्रमाणे.”

दिगंबरच्या घरी आण्णांचा पलंग अशाच बाल्कनीत होता. सकाळी उठल्यावर आण्णा काचेवर दोन्ही तळवे टेकून, सगळा भार टाकून उभे राहत. काच नसली तर ते हवेवर भार टाकणार होते.

बुधवारी सकाळी कंपनीनं आणखी एक सुधारणा केली. काढलेलं मागं घ्यायची आज्ञा, जिला ऑफिसात सगळे अनडू म्हणत, तीही गेली. आता ओढलेली रेघ ही ओढलेली रेघ. दिगंबर पडद्यासमोर बसला आणि त्याचा हात उचलेना. ज्या घरात तो वीस वर्षं जेवला, त्याची एक भिंतसुद्धा त्यानं कधी मोजली नव्हती. मोरीचा दरवाजा नंतर दुसरीकडं काढला होता, तो किती सरकला? स्वयंपाकघराचा उंबरा केवढा? त्याला काही म्हणजे काही सांगता येईना. लाज वाटली.

“मला विचार की,” आण्णा म्हणाले. “मी रोज मोजतो.”

दुसऱ्या मजल्याच्या स्लॅबवर, भर उन्हात, दिगंबरनं आण्णांना वर आणलेल्या त्यांच्या पलंगापाशी उभं केलं. आण्णांचं पाऊल टेपनं मोजलं. सव्वा फूट भरलं. मग आण्णा चालू लागले आणि दिगंबर खडूनं रेघा मारत मागून निघाला. सात पावलं सरळ. मग उंबरा, तिथं आण्णांनी पाय उचलला. दोन पावलांवर हात वर करून नसलेला दिवा बंद केला. “कायम चालू ठेवता तुम्ही,” ते म्हणाले. मोरीचा दरवाजा नऊ पावलांवर, डावीकडं. शेजारी कडेनं उभे राहून बघत होते, शाळेला रजा टाकलेली शरयूही. पत्रावळे वहिनींनी तोंडाला पदर लावला.

हॉलच्या मधोमध येऊन आण्णा थोडे उजवीकडं झाले, हात किंचित खाली नेला, अर्धा गोल वळसा घातला आणि पुन्हा सरळ चालू लागले.

दिगंबरनं हा वळसा रोज पाहिला होता. त्याला वाटायचं, गुडघा दुखत असेल.

“आण्णा, इथं काय आहे?”

“तुझ्या आईची खुर्ची.”

दिगंबरच्या हातातला खडू पडला. आई जाऊन आठ वर्षं झाली होती. तेरावं आटोपलं त्याच आठवड्यात ती वेताची खुर्ची त्यानं आणि शरयूनं वॉचमनला देऊन टाकली होती. घरात अडचण होत होती. आण्णांना सांगायचं राहिलं. आधी राहिलं आणि मग धीर झाला नाही. त्यानं शरयूकडं पाहिलं. ती खाली बघत होती.

“नकाशात काढू का?” त्यानं हळूच विचारलं.

“काढा,” शरयू म्हणाली. “पण नीट काढा. मागं घेता येणार नाही.”

त्यानं घर काढलं. सव्वा फुटाच्या पावलांनी काढलं, बाल्कनीला काच काढली, आणि शेवटी, वळशाच्या आत, दोन हात असलेली वेताची खुर्ची. गुरुवारी हणबरांनी कागद तपासला. काचेपाशी त्यांनी पेन्सिल थांबवली.

“हे तर खरं काढलंय,” ते जरा धक्का बसल्यासारखे म्हणाले.

“हो, साहेब.”

“असा अर्ज पूर्वी आलेला नाही. नाकारायचा कोणत्या कलमाखाली, ते बघावं लागेल.” त्यांनी बघितलं, कलम सापडलं नाही. “आणि ही खुर्ची कशाला दाखवलीय?”

“वडील वळसा घालतात तिला.”

“कारण पुरेसं आहे,” असं म्हणून हणबरांनी शिक्का मारला.

पावणेबारा वाजता शेजारच्या दोन घरांसकट घर आलं. पलंग बाल्कनीत लावला, आण्णांना आणलं. ते पलंगावर बसले, उठले, काचेवर तळवे टेकले, काच होती. मग सात पावलं, उंबरा, दिवा. हॉलच्या मधोमध येऊन ते उजवीकडं झाले, हात खाली नेला, आणि हात खुर्चीच्या हातावर पडला.

आण्णा जागच्या जागी थांबले. त्यांनी वेतावरून बोटं फिरवली, मागून पुढं, पुढून मागं.

“ही कुणी आणली?”

“नव्यानं काढली, आण्णा. तुम्ही सांगितलीत ना.”

“मी सांगितली खरी,” आण्णा म्हणाले. “पण जुनी गेली तेही मला त्याच आठवड्यात कळलं होतं. आठ वर्षं हात मोकळाच जायचा.”

दिगंबरनं विचारलं, “मग वळसा कशाला घालत होता?”

“सरळ गेलो असतो, तर मला कळलंय हे तुम्हाला कळलं असतं. तुम्ही दोघं उगाच वाईट वाटून घेतलं असतं.”

ते वळसा घालून स्वयंपाकघराच्या दारापाशी पोचले आणि शरयूला म्हणाले, चहा टाक. तिनं टाकला, तोवर ते परत पलंगावर जाऊन बसले. कप घेऊन ती हॉलमधून निघाली, मधोमध येऊन थोडी उजवीकडं झाली, आणि खुर्चीला वळसा घालून बाल्कनीत गेली.

चौथा मजला शुक्रवारी काढायचा होता. पत्रावळे वहिनी आधीपासूनच स्लॅबवर पावलं मोजत फिरत होत्या.