दोन मार्कांचा बर्फ

आमच्या मुखेडात उन्हाळ्यात "लई गरम हाय" एवढंच म्हणावं. "गावाचं वाळवंट झालंय नुसतं" म्हणू नये. हे वाक्य बिराजदार सरांच्या कानावर गेलं, की ते समोर येऊन उभे राहतात. "पाऊस किती पडला?" उत्तर कुणालाच माहीत नसतं. मग सर सांगतात, की वर्षाला दहा इंचांच्या आत पाऊस पडला तर ते वाळवंट; आपल्याकडे पावसाने कितीही दगा दिला तरी एवढी पाळी येत नाही. "ऊन मोजू नका, वाळू मोजू नका. पाणी मोजा!"

सर आणि मी एकाच शाळेत होतो. ते भूगोल शिकवत, मी मराठी. निवृत्तीनंतर मी शिकवणं थांबवलं.

गेल्या उन्हाळ्यात एका पुढाऱ्यांनी सभेत आरोळी ठोकली, "या तालुक्याचं वाळवंट झालं आहे!" टाळ्या पडायच्या आत सर उभे. "किती इंच?"

"सहा इंची, काका," पुढारी म्हणाले. "तुमची पाइपलाइन मंजूर झाली."

टाळ्या त्यालाही पडल्या.

आठवडी बाजारात सरांनी एकदा बर्फाचा गोळा घेतला, रंग न घालता, आणि स्टीलच्या पेल्यात वितळू दिला. तळाशी दोन बोटं पाणी उरलं. "बघा. बर्फ दिसतो ढीगभर, पाणी एवढंसं. थंड वाळवंटाचं असंच. हवेत ओल कमी. थोडंफार पडतं ते वितळत नाही, साचून राहतं. वरून पांढरं, पण हिशेबाने वाळवंटच."

"सर, ते खायचं असतंय," गोळेवाला कळवळून म्हणाला. "गिऱ्हाईक बघून राहिलंय."

हे वेड लडाखच्या सहलीपासूनचं. आम्ही आठ-दहा निवृत्त मंडळी गेलो होतो. तिथे वाळूच्या टेकड्यांवर बर्फ पडू लागला. बाकीचे फोटो काढायला धावले. सर गाडीत जाऊन बसले, ते संध्याकाळपर्यंत बोलले नाहीत. आम्ही एकमताने निदान केलं: विरळ हवा. एकमताने केलेली बहुतेक निदानं चुकतात, तसं हेही चुकलं होतं, हे मला गेल्या महिन्यात कळलं.

"उमरीला चला माझ्यासोबत," सर म्हणाले. "एकट्याला जमंना."

एसटीत त्यांनी कारण सांगितलं. पंचवीसेक वर्षांपूर्वी नववीच्या चाचणीत संगीता नावाच्या मुलीने लिहिलं होतं, 'काही वाळवंटांत बर्फ पडतो.' सरांनी दोनपैकी शून्य दिलं, वर ते वाक्य वर्गात वाचून दाखवलं. वर्ग हसला. पोरं तिला वर्षभर 'बर्फवाली' म्हणत राहिली. तिने पुन्हा वर्गात हात वर केला नाही.

"'थंड वाळवंट' हा शब्द मला पाठ होता हो," सर खिडकीबाहेर बघत म्हणाले. "पण बर्फ पडला म्हणजे ओल आली, मग वाळवंट कसलं, असं मी सगळ्या वर्गाला पटवून दिलं."

उमरीत संगीताचं शिलाईचं दुकान आहे. चाळिशीची बाई, गळ्यात टेप. "सर! बसा की. चहा सांगते."

सर बसले नाहीत. "तुझं उत्तर बरोबर होतं," ते उभ्यानेच म्हणाले. "दोन मार्क द्यायचे राहिले."

आधी तिला काही आठवेना. मग ती खळखळून हसली. "आता त्या मार्कांचं काय लोणचं घालू का, सर?"

"तुला कुणी सांगितलं होतं ते?"

"मामानं. ते मिलिट्रीत होते, लेहला."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलंच न्हाई." तिने गळ्यातला टेप काढून ठेवला. "घरी येऊन मामालाच म्हणले, तुम्ही नुसतं फेकता. सर खोटं कशाला सांगतील? पाहुण्यांसमोर म्हणले. तवापासून त्यांनी मिलिट्रीचं काही सांगितलंच न्हाई. सणाला येतात, जेवतात, जातात."

"असतात कुठं?"

"लोह्याला. एकटेच."

सरांनी मशीनजवळचा तिचा मोबाइल तिच्यापुढे सरकवला. "फोन लाव."

"जाऊ द्या हो सर, लई जुनं झालं."

"लाव म्हणतो ना."

तिने लावून दिला. "रामराम. मी संगीताचा सर बोलतोय," सर म्हणाले. त्यांचा आवाज वर्गातला नव्हता. "तुम्ही पोरीला वाळवंटातल्या बर्फाचं सांगितलं ते खरं होतं. मी बघून आलो. चूक माझी होती, तिची नाही."

  पलीकडून एक म्हातारा घोगरा आवाज बारीक ऐकू येऊ लागला. कुठल्याशा चौकीचं, सकाळी खोऱ्याने बर्फ ओढून दार मोकळं करायचं काहीतरी. सर भिंतीला टेकून म्हणत होते, "हाव... मग? मग काय झालं?"

संगीताने स्टूल ओढलं आणि फोनपाशी तोंड नेलं.

"मामा, म्या बी ऐकून राहिले. पुन्हा पहिल्यापासून सांगा."