भुयारवालं घर

सौरभने टोरांटोत फ्लॅट घ्यायचा नुसता विचार चालवला होता, तोवर इकडे अंबाजोगाईत त्याच्या वडिलांनी, आबासाहेबांनी, त्या फ्लॅटचे पेढे वाटूनही टाकले. पुढचा सगळा घोटाळा या पेढ्यांतून निघाला.

सौरभ फोनवर सहज बोलून गेला होता. "आबा, दोन फ्लॅट पाहिलेत. एक अगदी शहराच्या मधोमध आहे. त्याच्या खालून जमिनीखालचा पायी रस्ता जातो. दुकानं, हॉटेलं सगळं आतच. बाहेर कितीही बर्फ पडू दे, घरातून ऑफिसात कोट न घालता जाता येतं." दुसऱ्या फ्लॅटबद्दलही तो बराच वेळ बोलला, पण आबासाहेबांचं लक्ष जमिनीखालीच अडकून पडलं होतं.

याला कारण शेजारचे सुंदरराव. सुंदररावांकडे एक भुयार होतं. म्हणजे त्यांच्या आजोळच्या गावी, बारवेत. ते म्हणे थेट धारूरच्या किल्ल्यात निघायचं. एकदा गावाने एका हलगीवाल्याला आत सोडलं, आणि वरून लोक हलगीच्या आवाजामागे चालत निघाले. ज्वारीच्या एका रानात अचानक हलगी थांबली. तो माणूस काही परत आला नाही. कोपऱ्यावरच्या टपरीवर चहा पिताना ही गोष्ट ऐकता ऐकता आबासाहेबांची सगळी नोकरी सरली, निवृत्ती सुरू झाली, आणि इतक्या वर्षांत त्यांच्यापाशी परत सांगण्यासारखं कधी काही नव्हतं. त्या संध्याकाळी होतं.

"आमच्या सौरभनं भुयारवालं घर घेतलं," टपरीवर पेढे वाटून झाल्यावर बशीत चहा ओतत आबासाहेब म्हणाले.

"भुयार? आत दिवे हायत?" सुंदररावांनी विचारलं.

"दिवे हायत, दुकानं हायत, चहा बी मिळतो."

"आन् माणूस हिकडून आत गेला की तिकडून निघतो?"

"निघतो की."

"मंग ते भुयार कशाचं?" सुंदररावांनी कप खाली ठेवला. "डोळ्यानं बघितल्याबिगर मी न्हाई मानायचा."

टपरीवरचे चार लोक हसले. ते हसणं आबासाहेबांना झोंबलं. त्यांनी घरी येऊन लगेच सौरभला फोन लावला. "येत्या रविवारी त्या रस्त्यानं चालून दाखव बाबा. तुझी आई लई मागं लागलीय."

"मला कवा बघायचं हुतं?" आतून दगडाबाई म्हणाल्या. आबासाहेबांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आबा, पण त्या फ्लॅटचं अजून..." सौरभ म्हणाला.

"ते मागून बोलू. रविवारी दाखव."

रविवारी दिवेलागणीला, म्हणजे तिकडे सकाळी, आबासाहेबांच्या बैठकीत बसायला जागा उरली नाही. बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींखाली टीव्ही होता. त्याला मोबाइल जोडून दिला होता. सुंदरराव पुढच्या खुर्चीत पाय पसरून बसले होते. त्यांच्या मंडळी छबुबाई दगडाबाईंजवळ सतरंजीवर टेकल्या. टीव्हीवर सौरभ दिसला, मग काचेचं दार, मग खाली उतरणारा सरकता जिना, आणि मग तो रस्ता. लांबलचक, लख्ख, फरशी अशी की वर भाकरी थापावी. सुंदररावांनी पाय आखडते घेतले. आबासाहेबांच्या आयुष्यात यापेक्षा सुखाचे क्षण थोडेच असतील.

"दुकानं बंद कावून हायत?" सुंदररावांनी विचारलं.

"रविवार आहे काका."

"आन् माणसं?"

"रविवारी नसतात जास्त. ऑफिसांना सुट्टी असते ना."

सौरभ चालत राहिला. एक वळण, चार पायऱ्या, हिरव्या खुर्च्यांचं एक बंद हॉटेल. पुन्हा वळण, पुन्हा पायऱ्या. थोड्या वेळाने पुन्हा हिरव्या खुर्च्या आल्या.

"हे हाटेल मगाशी बी आलतं," छबुबाई म्हणाल्या.

"अशी खूप आहेत काकू, एकाच कंपनीची," सौरभ म्हणाला. पण त्याचा आवाज जरा उतरला होता. तिसऱ्या खेपेला हिरव्या खुर्च्यांसोबत फरशी पुसायची पिवळी बादलीही आली, आणि ती बादली सगळ्यांनी ओळखली.

मग बैठकीतून वाटा सुटू लागल्या. "उजवीकडं वळ," आबासाहेब म्हणाले. "डावीकडं," सुंदरराव म्हणाले, "भुयारात डावा हात भिताडाला लावूनच चालावं लागतं." मागून कुणीतरी माघारी फिरायला सांगितलं. सौरभ बिचारा सगळ्यांचं ऐकत होता. आबासाहेब उठून टीव्हीपाशी गेले. आता पोरगं निघालं नाही तर टपरीवर तोंड दाखवायची सोय नव्हती. पोरगं निघालं नाही तर पोराचं काय, हे त्या घटकेला त्यांच्या मनात आलंच नाही, आणि पुढे त्यांना सगळ्यात जास्त लाज वाटली ती याचीच.

"आबा, बॅटरी संपत आलीय," सौरभ म्हणाला. चित्र गोठलं. मग नुसता आवाज आला, "मी आता जिथं..." आणि तोही बंद पडला.



"हलगी थांबली," सुंदरराव हळूच म्हणाले.

ते त्यांच्या तोंडून निसटलं असावं, पण दगडाबाईंनी ऐकलं आणि पदर तोंडाला लावला. आबासाहेबांनी सौरभला फोन लावला, बंद. सून प्रियदर्शनीला लावला. तिची घंटी नुसती वाजत राहिली. पुन्हा लावला, पुन्हा तेच. अर्ध्या तासाने छबुबाई उठल्या. "आज हिच्या हातनं काय सैपाक व्हायचा न्हाई," असं म्हणून त्या घरी गेल्या आणि पिठलं-भाकरी घेऊन आल्या.

त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. पण आमच्याकडे शेजारून झाकलेलं पिठलं सुतकाच्या घरीच जातं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. छबुबाईंच्या हातातलं पातेलं गल्लीने पाहिलं आणि जे समजायचं ते समजून घेतलं. पाठोपाठ समोरच्या घरातून पिठलं आलं, मग मागच्या गल्लीतून. माणसं दाराबाहेर चपला काढून मुकाट्याने आत येऊन बसू लागली. एका म्हाताऱ्याने आबासाहेबांच्या पाठीवरून हात फिरवला. चकलांब्याहून चुलतभाऊ सोमनाथचा फोन आला, "दादा, गाडी काढतो. पर तिकडून आणायला किती दिवस लागतील?"

"कुणाला आणायला?" आबासाहेबांनी विचारलं, आणि अर्थ उमगताच त्यांनी फोन ठेवून दिला. पोराने दोन घरं पाहिली होती. दुसरं कसं होतं, कुठे होतं, त्यात काय चांगलं होतं, हे ते आठवू लागले. त्यांना एक अक्षर आठवेना.

तेवढ्यात टीव्ही वाजला. मोबाइल अजून तसाच जोडलेला होता. पडद्यावर सौरभ आला, नाकाचा शेंडा लालभडक, शेजारी प्रियदर्शनी, तिचंही नाक तसंच.

"आबा, बॅटरी गेली. एक दार दिसलं म्हणून बाहेर पडलो तर ते मागून बंद झालं. बर्फातून चालत आलो. आणि मी येईना म्हणून ही मला शोधायला त्या रस्त्यात उतरली, तर हीसुद्धा चुकली. फोन घरीच राहिला होता हिचा." मग त्याचं लक्ष गेलं. "आबा, इतकी माणसं? आणि इतकं पिठलं?"

दगडाबाई रडता रडता हसायला लागल्या. आबासाहेबांनी मोबाइल काढून घ्यायला हात पुढे केला, पण सौरभ बोलत सुटला होता.

"आबा, रागावू नका. मी त्या रस्त्यात आज पहिल्यांदाच गेलतो. तो फ्लॅट आम्हाला नकोच होता. त्याच्या खिडकीसमोर दुसऱ्या इमारतीची भिंत आहे. उजेड नसला की ही कशी रडत बसते, ते पहिल्या हिवाळ्यात आईनं फोनवर ऐकलंय. दुसरं घर तळ्याकाठी आहे, दिवसभर ऊन येतं. पण सोमनाथकाका म्हणाले, तुम्ही पेढे वाटलेत. मग हीच म्हणाली की आबांचा शब्द खाली पडायला नको, भुयारवालंच घेऊ. उद्या सही करायचीय. बोला, काय करू?"

आबासाहेबांनी बैठकीकडे पाठ केली. एवढ्या माणसांकडे बघून ते बोलणं त्यांना जमलं नसतं.

"सूनबाई," ते टीव्हीला म्हणाले, "पेढे मी खोटे वाटले. तुमाला इचारलं बी न्हाई. उजेडाचं घर घ्या." मग सौरभला, "आन् तुजी आई कधी मागं लागली नव्हती रे. मीच लागलतो."

हळूहळू माणसं उठली, चपला शोधू लागली. मागे पातेल्यांची रांग राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दगडाबाईंनी सगळी भांडी घासून पुसून मांडली. रिकामं भांडं परत देऊ नये म्हणून प्रत्येकात पेढे घातले. "जावा," त्या म्हणाल्या, "एकेका दारात तुमीच द्या. आन् पेढे कशाचे, ते नीट सांगा."

आबासाहेब खाली मान घालून घरोघर हिंडले. "पोरगं सुखरूप हाय. घर दुसरं घेतोय. भुयार न्हाई त्याला." प्रत्येक दारात एवढंच सांगायचं, भांडं द्यायचं आणि निघायचं. सुंदररावांचं घर त्यांनी शेवटी ठेवलं होतं.

सुंदररावांनी पातेलं घेतलं. चिमटा काढायला इतकी चांगली संधी पुन्हा आली नसती, पण त्यांनी ती सोडली. काल निसटलेल्या त्या दोन शब्दांमुळे त्यांनाही रात्रभर झोप लागली नव्हती. त्यांनी पेढा मोडून अर्धा आबासाहेबांच्या हातावर ठेवला.

"तळ्याकाठी म्हणत होता सौरभ," ते म्हणाले. "तळं केवढं हाय?"

आबासाहेबांचे डोळे चमकले. सकाळीच सौरभने, घर बघायला गेला तेव्हा त्या खिडकीतून काढलेला, तळ्याचा फोटो पाठवला होता. नजर पोचेल तिथवर पाणी, लाटा, जहाज, आणि पलीकडचा काठ दिसतच नाही. त्यांनी तोंड उघडलं. मग हातातल्या अर्ध्या पेढ्याकडे पाहून पुन्हा मिटलं.

"पलीकडचा काठ दिसत असंल की," सुंदरराव म्हणाले.

"असंल," आबासाहेब म्हणाले आणि पेढा तोंडात टाकला. "साधंच तळं हाय."