गुलाबी पाण्याच्या तेरा बाटल्या

पुस्तिका वाचायची नाही, असं अर्लन टॉर्गरसनने त्या शनिवारी सकाळी ठरवलं.

ठरवण्यात गैर काही नव्हतं. एकोणतीस वर्षं त्याने काउंटीच्या रस्तेखात्यात कारकुनी केली होती आणि तिथे त्याचं कामच मुळी इतरांसाठी सूचनापत्रकं लिहिण्याचं होतं. ती कुणी वाचत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? (बर्फ ढकलायची गाडी कशी चालवावी यावर त्याने लिहिलेलं चाळीस पानी पत्रक ड्रायव्हर लोकांनी काचा पुसायला वापरलं होतं.) तेव्हा मोटरहोमची पुस्तिका त्याने स्वयंपाकघरातल्या टेबलावर, बायकोच्या कॉफीच्या कपाशेजारी ठेवून दिली आणि टोपी घालून तो अंगणात आला.

मोटरहोम अंगणात उभं होतं. त्यात बेड होता, शेगडी होती, न्हाणीघर होतं, संडास होता. थोडक्यात, घरात जे होतं ते सगळं त्यात होतं, फक्त लहान आणि गळकं. टॉर्गरसन नवरा-बायको वर्षातले नऊ दिवस त्यात राहत आणि उरलेले दिवस त्याची शुश्रूषा करत. लिंडफोर्ड गावात निम्म्या अंगणांत अशी वाहनं होती आणि मिनेसोटाचा हिवाळा तोंडावर आला की सगळं गाव ती ‘झोपवायच्या’ मागे लागे. झोपवायचं म्हणजे नळ्यांतलं पाणी काढून टाकायचं आणि त्यांत न गोठणारं गुलाबी पाणी भरायचं. प्रत्येक नळातून गुलाबी धार आली की गाडी झोपली. नाही आली, तर कुठेतरी पाणी राहिलं. राहिलं की गोठतं, आणि गोठलं की नळी फुटते.

गेल्या वर्षी अर्लनने ‘पाणी आपोआप निथळतं’ हा स्वतःचा सिद्धान्त वापरून पाहिला होता. एप्रिलमध्ये नळ्या तीन ठिकाणी फुटलेल्या निघाल्या. लव्हॉनची, म्हणजे बायकोची, आईच्या हातची गोधडी आठवडाभर भिजत पडून तिला बुरशी आली. लव्हॉन तेव्हा एकच वाक्य बोलली होती. “असू दे.” लिंडफोर्डमध्ये याहून कडक शब्द वापरायची पद्धत नाही, त्यामुळे अर्लन जूनपर्यंत घरात चवड्यांवर चालत होता.

यंदा मात्र तिने अट घातली होती. “आज अंधार पडायच्या आत प्रत्येक नळातून गुलाबी येताना मला दिसलं पाहिजे. रात्री कडक गोठणार आहे, रेडिओवर सांगितलंय. नाही दिसलं, तर उद्या चर्च सुटलं की ही गाडी घेऊन थेट ॲरिझोना. चार महिने मेव्हिसकडे. तिथे काही गोठत नाही.”

मेव्हिस ही तिची बहीण. बहिणीबद्दल अर्लनची काही तक्रार नव्हती. तक्रार होती ती तिच्या नवऱ्याबद्दल, रॉजरबद्दल. रॉजरच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली होती आणि ती कशी झाली, हे तो डाव्या गुडघ्यापासून सुरू करून सांगत असे. इकडे अर्लनचा हिवाळा म्हणजे गोठलेलं तळं, त्यावर त्याची लाकडी खोपटी, बर्फाला पाडलेलं भोक, त्यात सोडलेला गळ, आणि बाजूच्या खुर्च्यांवर शेजारी गेलर्ड आणि निवृत्त पास्टर हाल्वर्सन. दिवसभरात तिघांत मिळून चार वाक्यं होत. अर्लन या चार वाक्यांसाठी उरलेले आठ महिने जगत असे.

तर असा सगळा हिवाळा त्या गुलाबी धारेवर अवलंबून होता.

अर्लनने टाकी रिकामी केली. गीझर रिकामा केला, त्याचं बूच परत घट्ट बसवलं. मग बेडखालची फळी काढून आत डोकावला. तिथे एक व्हॉल्व्ह होता. तो आडवा केला की गुलाबी पाणी गीझरला वळसा घालून जातं. उभा ठेवला तर आधी अख्खा गीझर भरतं आणि मग पुढे सरकतं. व्हॉल्व्ह उभा होता. अर्लनला तो तसाच बरा वाटला. सरळ, नीटनेटका, कामाला तयार. (सतराव्या पानावर ‘आडवा’ हा शब्द ठळक छापून खाली दोन रेघा ओढल्या होत्या. पण सतरावं पान त्या वेळी लव्हॉन वाचत होती.)

त्याने पहिल्या बाटलीत पंपाची नळी बुडवली, पंप सुरू केला आणि गार पाण्याचा नळ सोडला. क्षणात गुलाबी धार! न्हाणीघरात गार, गुलाबी. संडासात गुलाबी. अर्लनने शीळ घातली. मग गरम पाण्याचा नळ सोडला.

फुस्स.

“हवा आहे,” अर्लन नळाला म्हणाला. दुसरी बाटली लावली. फुस्स. आणलेली तिसरी आणि शेवटची लावली. पुन्हा फुस्स.

तेवढ्यात लव्हॉन कॉफी घेऊन आली. “कसं चाललंय?”

“छान.”

“सगळं नीट बघितलंस ना?”

“सगळं.”

“बेडखालचंही?”

“लव्हॉन, सगळं म्हणजे सगळं.”

“बरं,” ती म्हणाली आणि घरात गेली. जाताना ती कसलंसं गाणं गुणगुणत होती आणि त्यात ऊन, वाळवंट असं काहीतरी होतं.

अर्लन गावातल्या एकुलत्या एका हार्डवेअरच्या दुकानातून आणखी चार बाटल्या घेऊन आला. परत येतो तर गेलर्ड अंगणात उभा. गेलर्डचं मोटरहोम दोन घरं सोडून होतं. हात खिशात घालून तो बाटल्यांकडे बघत होता.

“बाटल्या बऱ्याच आहेत तुझ्याकडे,” गेलर्ड म्हणाला.

“लागतात,” अर्लन म्हणाला.

“लागतात खऱ्या.” गेलर्डने थोडा वेळ आभाळाकडे पाहिलं. “मला दोनच लागतात. म्हणजे, दोन असल्या की होतं.”

“तुझी गाडी लहान आहे.”

“आहे लहान.” गेलर्ड दारातून आत डोकावला. बेडखालची फळी उघडीच होती. “तो व्हॉल्व्ह तू उभा ठेवतोस?”

“कायम.”

“हं,” गेलर्ड म्हणाला. “वेगळीच पद्धत आहे.”

अर्लनची छाती फुगली. वास्तविक लिंडफोर्डमध्ये ‘वेगळंच’ हा शब्द फार जपून वापरतात. डेंटिस्टने घराला जांभळा रंग दिला तेव्हा तो एकदा वापरला गेला होता, आणि डेंटिस्ट वर्षभरात गाव सोडून गेला. पण कौतुक ऐकायला आसुसलेल्या माणसाला असे बारकावे कुठून कळणार? त्याने गेलर्डसमोर ऐटीत चौथी बाटली लावली. गेलर्ड ती रिकामी होईपर्यंत थांबला, एकदा सुस्कारा सोडला आणि घरी गेला.

सातवी बाटली संपली. फुस्स.

आता अर्लन घाबरला. आठ महिने ज्याची वाट पाहिली ते तळं, ते भोक, ती चार वाक्यं त्या नळातून फुस्स करून निघून जाताना त्याला दिसली. डोळ्यांपुढे रॉजरचा डावा गुडघा आला. तो पुन्हा दुकानात धावला. शेल्फवर सहा बाटल्या उरल्या होत्या.

“सगळ्या?” दुकानवाल्या डेलोरेसने विचारलं.

“सगळ्या.”

“माल आता गुरुवारीच येतो,” ती म्हणाली आणि त्याच्याकडे बघत राहिली.

“म्हणजे मी वेळेवर आलो म्हणायचं!” अर्लन म्हणाला.

“म्हणायचं तर तसं,” डेलोरेस म्हणाली आणि बाटल्या पिशवीत भरायला लागली.

अंगणात आता पास्टर हाल्वर्सन उभे होते. त्यांनी चाळीस वर्षं प्रवचनं दिली होती, तरी सरळ मागणं त्यांनाही जमत नसे. लिंडफोर्डमध्ये मागत नाहीत. जवळ जाऊन उभं राहतात.

“थंडी पडणार म्हणतात,” पास्टर म्हणाले.

“पडू दे,” अर्लन म्हणाला. “माझी तयारी आहे.”

“दिसतेय ना.” पास्टरांनी सहा बाटल्या मोजल्या. “काहींची नसते तयारी. ऐन वेळी धावपळ होते. शेल्फ रिकामं असतं.”

“लोक आळशी असतात, पास्टर. तुम्हीच सांगायला हवं त्यांना.”

पास्टरांनी डोळे मिटले. कदाचित ते क्षमेवरचं एखादं वचन आठवत असावेत. मग त्यांची नजर बेडखाली गेली. “व्हॉल्व्ह उभा,” ते हळूच म्हणाले.

“गेलर्डलाही फार आवडला,” अर्लन म्हणाला.

दहावी, अकरावी, बारावी. ऊन उतरायला लागलं. तेरावी बाटली निम्मी झाली आणि गरम पाण्याचा नळ खोकला, थुंकला, आणि धो धो गुलाबी वाहायला लागला. अर्लनने त्या नळाचा मुका घेतला. (चव वाईट होती.)

लव्हॉन आली. एकेक नळ सोडून बघत गेली. गुलाबी, गुलाबी, गुलाबी. शेवटचा नळ बंद करून तिने हात पुसले. “ठरल्याप्रमाणे,” ती म्हणाली. “ही गाडी कुठे जात नाही.” तिचा चेहरा पडला होता. अर्लनला तिचं खरंच वाईट वाटलं, आणि ते जेवणाच्या टेबलापर्यंत टिकलंसुद्धा.

बटाट्याच्या गोळ्या घालून ओव्हनमध्ये भाजलेलं हॉटडिश ताटात पडतंय तोच गेलर्ड दारात आला. बूट पायपुसण्यावरच ठेवून उभा राहिला.

“सांगायला आलो. आम्ही उद्या ॲरिझोनाला निघतोय. पास्टरही. आणि पलीकडचे नेल्सन नवरा-बायको.”

अर्लनचा काटा हवेत थांबला. “आणि तळं?”

“गाड्या झोपवायला गुलाबी कुठे आहे? आम्ही दुकानात गेलो तोवर शेल्फ रिकामं होतं. गुरुवारपर्यंत थांबलो तर नळ्या फुटतील. आज रात्र हीटर लावून काढतो, उद्या चर्चनंतर दक्षिणेला.”

“अरे, मग मागायचंस ना माझ्याकडे! दिवसभर उभा होतास!”

“तुला लागत होत्या,” गेलर्ड म्हणाला. “व्हॉल्व्ह उभा होता ना. दहा बाटल्या गीझरनेच प्यायल्या असतील.”

अर्लनने लव्हॉनकडे पाहिलं. ती पुस्तिकेचं सतरावं पान अलगद मिटत होती.

“तुला माहीत होतं?”

“मी विचारलं की तुला,” लव्हॉन म्हणाली. “बेडखालचंही म्हणून.”

“आमच्या गाडीत जागा आहे,” गेलर्ड तिला म्हणाला. “मेव्हिसकडे सोडू तुला.”

“छे, उगाच तुम्हाला त्रास,” लव्हॉन म्हणाली. “कसला त्रास!” “नको रे, अडचण होईल.” “चल गं, सोबत होईल आम्हाला.” “एवढं म्हणतोस तर येते,” लव्हॉन म्हणाली आणि बॅग भरायला उठली. दोनदा नाही म्हणून तिसऱ्यांदा हो म्हणायचं, हे तिथल्या मुलांना पाळण्यातच शिकवतात.

“तूही चल, अर्लन,” गेलर्ड म्हणाला.

रिकाम्या तळ्यावर एकट्याने बसण्यापेक्षा रॉजरचे दोन्ही गुडघे परवडले, हे अर्लनला क्षणात पटलं. पण रीत ती रीत. “छे, मी कशाला,” तो म्हणाला.

“चल ना.”

“नको, नको,” अर्लन म्हणाला आणि तिसऱ्या आग्रहासाठी तयार होऊन हसरा चेहरा करून बसला.

गेलर्डला त्या तेरा बाटल्या आठवल्या असाव्यात. “बरं तर,” म्हणून त्याने टोपी घातली. दाराशी पोचल्यावर मात्र तो घुटमळला. “सगळेच चाललो. तिन्ही दारांतला बर्फ काढायला कुणी नाही. बघू. होईल काहीतरी.”

त्या दिवसात पहिल्यांदाच अर्लनला समोरच्याचं म्हणणं बरोबर कळलं.

“मी काढतो ना,” तो म्हणाला.

“छे, छे, तुला कशाला त्रास.”

“अरे, मी आहेच इथे. काढतो.”

“नको, तीन-तीन घरं म्हणजे फार होतं.”

आणि अर्लनला तिसऱ्यांदा आग्रह करावा लागला.