महाराजांनी बसवलेला दिवा

मुलांनो, नीट बसा. मागचे पुढे सरका. हं.

एका जंगलात छापखाना होता. जंगलात छापखाना कशाला, असं विचारू नका. जिथे राजा असतो तिथे दाखले लागतात आणि दाखले छापावे लागतात.

उन्हाळ्यात त्या जंगलात एकच पाणवठा उरायचा. तिथे जायला पास लागायचा. पासावर प्राण्याचं चित्र असायचं. दाराशी घोरपड हवालदार बसायची. ती चित्र बघायची, तोंड बघायची, आणि जुळलं तर म्हणायची, "जा, पी."

पास छापायचं यंत्र म्हणजे एक उभी पेटी. वर दिवा, खाली भिंग, त्याखाली चित्राची काच आणि तळाशी मसाला लावलेला कागद. दिवा लागला की उजेड काचेतून खाली उतरायचा आणि कागदावर चित्र उमटायचं.

दिवा तीन-चार महिन्यांनी जळून जाई. मग नवा बसवायचा. हे काम भागाक्का मुंगशीण करायची. दिवा भिंगाच्या बरोब्बर मध्यावर यायला हवा. ती होल्डरचे तीन स्क्रू पाव-पाव फिरवायची. कागदाइतकी पातळ चकती खाली सरकवायची, एक पास छापून बघायची, मान हलवायची आणि परत सुरू. अर्धा दिवस जायचा. पण नंतर सशाची मिशी न् मिशी मोजता यायची.

एका वैशाखात दिवा गेला.

छापखान्याचे दिवाण होते तरसराव. ते म्हणाले, "अर्धा दिवस? एक दिवा बदलायला? या खेपेला नवा दिवा महाराज स्वतः बसवतील. समारंभ करू."

झालं. तोरणं लागली. माकडांनी पिपाण्या वाजवल्या. वाघमहाराज आले. त्यांनी दिवा पंजात धरला, होल्डरमध्ये कोंबला आणि एक गुद्दा मारला. दिवा लागला. टाळ्या पडल्या.

भागाक्का मागे उभी होती. ती म्हणाली, "दिवाणसाहेब, दिवा तांदळाच्या दाण्याएवढा डावीकडे गेलाय."

"लागला की नाही?"

"लागला."

"मग?"

"साहेब, दिवा लागणं वेगळं आणि दिवा बसणं वेगळं."

"भागाक्का," तरसराव हळूच म्हणाले, "जिथे महाराजांनी बसवला, ती त्याची जागा. आता त्याला कुणी हात लावायचा नाही."

दुसऱ्या दिवसापासून पास निघू लागले. उजेड तिरका पडायचा, पेटीच्या भिंतीवर आपटायचा आणि एका चित्राची दोन व्हायची. सशाला चार कान आले. मोराला दोन माना आल्या. महाराजांना काही झालं नाही, कारण महाराजांना पास लागत नव्हता.

बापू बारशिंगा म्हातारे होते. ते पास घेऊन पाणवठ्यावर गेले. घोरपडीनं चित्र पाहिलं, मग बापूंचं डोकं पाहिलं. मग शिंगांची टोकं मोजली.

"बारा आहेत."

"बाराच असतात, बाई. म्हणून तर बारशिंगा."

"पासावर चोवीस आहेत. उरलेली बारा कुठे ठेवलीत?"

"मला कधी नव्हतीच ती!"

"मग हा पास तुमचा नाही. बाजूला व्हा. पुढचा!"

बापू बाजूला झाले. रांगेतले बरेच जण बाजूला झाले. बाजूची रांग मुख्य रांगेपेक्षा मोठी झाली.

भागाक्का तरसरावांकडे गेली. तरसराव म्हणाले, "तक्रारी आल्यात खऱ्या. आम्ही समिती नेमली आहे. प्राण्यांमध्ये एवढी कमतरता का आढळते, याचा अभ्यास ती करणार आहे."

"कमतरता दिव्यात आहे, साहेब."

"तुम्ही समितीत नाही, भागाक्का."

समितीचा अहवाल लगेच आला. ज्यांचे अवयव पासापेक्षा कमी भरतील, त्यांनी ते स्वखुशीनं पूर्ण करून घ्यावेत, असं त्यात लिहिलं होतं. सशानं पळसाची दोन पानं डोक्याला बांधली. त्याला पाणी मिळालं. मोरानं गळ्याशी वेळूचा तुकडा बांधला. त्यालाही मिळालं.

बापूंनी मात्र काही बांधलं नाही. "या वयात सोंग करू?" ते म्हणाले. तिसऱ्या दिवशी ते छापखान्याच्या दाराशी येऊन खाली बसले. त्यांची जीभ सुकून काळी पडली होती.

"अक्का," ते म्हणाले, "माझं खरं चित्र काढ गं एकदा."

भागाक्काला राहवलं नाही. भरदुपारी कचेरी घोरत होती. ती पेटीवर चढली. स्क्रू सैल केले, दिवा पुसला, चकती सरकवली, दिवा मध्यावर आणला. मग बापूंचा पास छापला. बारा टोकं. सगळी टोकदार. उजव्या डोळ्याखालचा जुना व्रणसुद्धा दिसत होता. पास बघून बापूंच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढंच पाणी त्यांच्यात उरलं होतं.

दोघं पाणवठ्यावर गेले. घोरपडीनं पास उन्हात धरला.

"हा खोटा आहे."

"खोटा?" भागाक्का ओरडली. "अगं, बघ तरी! हुबेहूब आहे."

"म्हणूनच. आपल्या छापखान्याचा पास असा येतच नाही."

भागाक्काला पकडून दरबारात नेलं. तरसरावांनी आरोप वाचला. महाराजांनी एक डोळा उघडला.

"माझा हात चुकला, असं तुझं म्हणणं?"

"नाही, महाराज. दिवा चुकला."

"तरसराव, दिवा होता तिथे परत बसवा."

सगळा दरबार छापखान्यात आला. तरसरावांनी दिवा बसवला. पहिल्या पासावर सशाला सहा कान आले. त्यांनी दिवा हलवला. आता तीन आले, त्यातला एक पोटावर. मग महाराजांनी स्वतः गुद्दा मारला. ससा दिसेनासाच झाला.

जंगलभर ससे चार-चार कान बांधून तयार होते. आता चार कानांचा पास निघाला नाही, तर उद्या सगळेच खोटे ठरणार होते. बाहेर हजार तहानलेले उभे होते.

तरसराव घाम पुसत भागाक्काजवळ आले. "अक्का," ते म्हणाले. याआधी ते तिला नुसतं अक्का कधी म्हणाले नव्हते. "महाराजांनी बसवला होता तसाच, अगदी तसाच बसवता येईल?"

"वाकडा?"

"वाकडा म्हणू नका. तसाच."

भागाक्कानं बाहेर पाहिलं. दाराशी परत येऊन बसलेल्या बापूंनी मान जमिनीला टेकवली होती.

"आधी त्यांना पाणी द्या."

"देऊ की. पण नियमात बसायला हवं."

शेवटी माकडांनी बाभळीच्या बारा काटक्या बापूंच्या शिंगांना बांधल्या. पाणी पिताना काटक्या पाण्यात बुडत होत्या, आणि हवालदार त्या पुन्हा पुन्हा मोजत होती.

मग भागाक्का पेटीवर चढली. दिवा मध्यापासून तांदळाच्या एका दाण्याइतका डावीकडे न्यायचा होता. दाण्याहून रेसभर जास्त नाही, रेसभर कमी नाही. तिनं इतकं अवघड काम जन्मात केलं नव्हतं. सूर्य कलेपर्यंत ती स्क्रू फिरवत राहिली. पास काढायची, बघायची, मान हलवायची. शेवटी चार कानांचा ससा निघाला. जुन्या पासावर तो ठेवून पाहिला, तर कानावर कान तंतोतंत बसला.

टाळ्या पडल्या. महाराजांनी भागाक्काला 'अचूकता पदक' दिलं. त्यावर तिचं चित्र होतं, दोन शेपट्यांचं. दुसऱ्या दिवसापासून तीही सुंभाची एक शेपटी बांधून कामाला येऊ लागली.

तात्पर्य: प्रत्येक वस्तू तिच्या जागी अगदी नेमकी बसवावी, मुलांनो. केसभरही चूक होऊ देऊ नये. फक्त जागा कुठली, ते आधी वर विचारून घ्यावं.