मिलिमीटर बोला

शारजातल्या आमच्या हॉस्पिटलात कुणाच्या गुदाशयातली कॅन्सरची गाठ कापून लॅबमध्ये आली, की परुळेकर काखेत फिल्म मारून लॅबकडे पळत सुटायचे. परुळेकर एमआरआयचे टेक्निशियन आणि मी तिथली रिपोर्ट टाइप करणारी. मशीन नवीन होतं. त्यावर काढलेलं चित्र खरं निघालं की नाही, हे ऑपरेशननंतर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्यांना जेवण जायचं नाही.

"गाठ थोडी बाहेर आलीय" असं कुणी म्हटलं, की ते ताडकन म्हणत, "थोडी म्हणजे किती? मिलिमीटर बोला." चहात साखर थोडी घालू का, या प्रश्नालाही त्यांचं उत्तर तेच असायचं. आमचे रेडिऑलॉजिस्ट डॉक्टर त्यांना हात जोडत.

एकदा शेजारच्या अजमानचे कदम आले. शटरिंगचे सुतार, मूळचे चिपळूणकडचे. गाठ आतड्याभोवतीच्या चरबीच्या आवरणाला चिकटल्याची शंका सीटी स्कॅनमध्ये आली होती. तसं असेल तर आधी कित्येक आठवडे रेडिएशन, मग ऑपरेशन. कदमांनी याचा अर्थ आपल्यापुरता लावून टाकला होता. "खलास," ते मला म्हणाले, "गावाला जातो."

सर्जननी एमआरआय सांगितला. कदम भीतीने इतके हलले की चित्रं धुरकट आली. चालतील, असं सगळ्यांचं मत पडलं. परुळेकरांनी ती पुढे पाठवायला साफ नकार दिला आणि दुसऱ्या दिवशी कदमांना परत बोलावलं. मशीन दुसऱ्याच्या हाती देऊन ते स्वतः आत बसले, कदमांच्या पायाचा अंगठा धरून, शेवटपर्यंत. यंत्राचा ठोठो आवाज चालू होता, पण कदम हलले नाहीत.

गाठ आणि आवरण यांच्यामध्ये चरबीची स्वच्छ पांढरी पट्टी दिसली. डॉक्टरांनी दोनदा मोजली. चार मिलिमीटर. मी ते टाइप केलं आणि आकडा पुन्हा एकदा तपासला. गाठ चिकटलेली नव्हती, म्हणून सर्जननी रेडिएशनशिवाय थेट ऑपरेशन ठरवलं.

ऑपरेशन झालं, पण कापलेल्या गाठीचा लॅबचा रिपोर्ट यायला आठवडा लागला. परुळेकर रोज तिथे हजर. लॅबच्या मल्याळी बाईंनी शेवटी दाराला आतून कडी घातली. आणि मग एका दुपारी ते कॉरिडॉरमधून धावत आले. पायातली एक चप्पल मागेच राहिली होती. "चार! तिथेही चारच! आवरण साफ!" सर्जनना त्यांनी मिठी मारली, मला ओंजळभर खजूर दिले आणि वॉर्डमध्ये जाऊन कदमांना सांगताना मात्र रडले.

कदमांना घरी न्यायला कुणी नव्हतं. लेबर कॅम्पात एका खोलीत आठ जण. परुळेकरांनी त्यांना रोल्ला भागातल्या आपल्या खोलीवर नेलं, पलंग दिला, स्वतः खाली झोपले. मी भेटायला गेले तेव्हा दोघं पेज खात होते आणि परुळेकर मनापासून हसत-बोलत होते. बारा वर्षं एकटा राहणारा हा माणूस इतकं बोलतो, हे मला त्या दिवशी कळलं.

महिन्याभराने कदम ठणठणीत होऊन गावी गेले. दुसऱ्या सकाळी परुळेकर माझ्या टेबलावर एक डबा ठेवून उभे राहिले.

"पेज आहे," ते म्हणाले. "खाता का तुम्ही? हात दोघांच्या अंदाजाने पडतो अजून."

किती जास्त झाली, हे मी विचारलं नाही. डबा उघडला.